फ्लाइंग चेंजमध्ये मागचे पाय वारंवार उशिरा येतात: कारण कसं शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

फ्लाइंग चेंज म्हणजे घोड्यानं कॅंटर (दुडकीच्या वरची, उसळत पळायची चाल) न मोडता हवेतच लीड, म्हणजे पुढं पोचणाऱ्या पायांची बाजू, बदलणं. त्यात पुढचे पाय वेळेवर बदलतात, मागचे एक पाऊल, म्हणजे चारही पायांची एक पूर्ण फेरी, मागे राहतात. त्या एका पावलात घोडा पुढून उजव्या लीडवर आणि मागून डाव्या लीडवर असतो, स्वाराला खोगिराखाली आडवा हिसका बसतो आणि पुढच्या पावलाला सगळं परत जुळतं. आठ दिवस मेहनत केली की तीन-चार बदल स्वच्छ मिळतात, नवव्या दिवशी पुन्हा तेच. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाच्या, वरच्या चाली शिकवताना इतकी चिवट तक्रार दुसरी नाही. स्पर्धेत असा बदल साधारण 10 पैकी 5 गुणांच्या खालीच जातो. पण गुण गेले तर पुढच्या वेळी मिळतील. घोडा दर चुकीच्या बदलाबरोबर ती चूक पाठ करत जातो, हे जास्त महागात पडतं.

तक्रार परत परत येते त्याचं कारण आमच्या मते असं, की दुरुस्ती बदलाच्या क्षणाची केली जाते आणि बिघाड त्याच्या आधीच्या दोन पावलांत असतो. म्हणून पुढं बदलाबद्दल कमी आणि त्या दोन पावलांबद्दल जास्त लिहिलं आहे.

पायांचा क्रम आणि हवेतला क्षण

कॅंटर ही तीन ठोक्यांची चाल. उजव्या लीडवर आधी डावा मागचा पाय टेकतो, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकदम, शेवटी उजवा पुढचा. त्यानंतर चारही पाय हवेत. डाव्या लीडवर याच्या उलट. बदल होतो तो या हवेतल्या क्षणात, कारण तेव्हा एकाही पायावर वजन नसतं. आणि हवेतून उतरताना जमिनीला सगळ्यात आधी लागतो तो मागचा पाय. म्हणजे बदल मागून सुरू व्हायला हवा, पुढचे पाय त्याच्या पाठोपाठ.

गोळा केलेल्या (आखूड, उसळत्या) कॅंटरमध्ये मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं पडतात. एक पाऊल साधारण 0.6 सेकंदाचं, त्यातला हवेतला भाग अगदी थोडा. घोडा पुढच्या पायांवर ओझं टाकून चालत असेल तर तो भाग आणखी आखडतो. कधी तो जवळजवळ संपतोच, आणि मग तीनऐवजी चार ठोके ऐकू येतात. अशा चालीत मागच्या पायांना जागा बदलायला सवडच नसते. पुढचे पाय मान उचलून, खांदा फेकून कसेबसे बदलतात आणि मागचे पुढच्या हवेतल्या क्षणाची वाट बघतात.

आधी नीट बघा

खोगिरावर बसून जे जाणवतं त्यावर विसंबू नका. डाव्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधा, उजव्याला पांढरी. एका माणसाला घोड्याच्या बाजूला, पंधरा-वीस मीटरवर उभं करा आणि फोनवर स्लो मोशनमध्ये, जमत असेल तर 240 फ्रेमवर, प्रत्येक बाजूचे तीन बदल टिपायला सांगा. समोरून किंवा मागून घेतलेलं चित्रण इथं कामाचं नाही, त्यात फक्त तिरकेपणा कळतो.

चित्र थांबवून एवढंच बघा: चारही पाय हवेत असताना कोणता मागचा पाय आधी खाली आला? डावीकडून उजवीकडं बदल मागितला असेल तर लाल पट्टीचा पाय आधी टेकायला हवा आणि पांढरा त्याच्या पुढं पोचायला हवा. पांढरा मागेच टेकला आणि पुढच्या फेरीत बदलला, तर तो सरळ 'मागून उशीर'. दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टेकले, तर तो वेगळा प्रश्न आहे: ताकद कमी आहे किंवा पाठीच्या शेवटाला दुखतं आहे. एकाच बाजूला उशीर होत असेल तर तिसरा, त्याबद्दल शेवटाकडं येईलच.

ही तिन्ही चित्रं वेगळी आहेत आणि तिन्हींवर एकच उपाय चालवला जातो. बहुतेकांचे महिने तिथंच जातात.

शिकवण्याआधी घोड्याचं शरीर

ज्या घोड्याला काल जमत होतं आणि आज जमत नाही, त्याला नव्यानं शिकवायला घेऊ नका, आधी तपासा. आपल्या भागात चार गोष्टी हमखास बघाव्यात.

पहिली, सर्रा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घोडमाश्यांचा जोर असतो आणि हा रोग त्यांच्याकडून पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खात असूनही वाळतो, पोटाखाली किंवा पायांवर सूज येते आणि मागचा भाग अशक्त होतो, तो कधी लटपटतोही. याची सुरुवात स्वाराला 'हल्ली मागून ढकलत नाही' एवढीच जाणवू शकते. पावसाळ्यानंतर बदल बिघडले असतील तर रक्त तपासून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागला तरी धरा.

दुसरी, ज्वारी. नीट वाळलेला कडबा वेगळा आणि हिरवी ज्वारी वेगळी. कोवळ्या ज्वारीचं विष गुरांसाठी सगळ्यांना माहीत आहे. घोड्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे तो कमी लोकांना ठाऊक असतो: आठवडेच्या आठवडे हिरव्या ज्वारीवर चरणाऱ्या घोड्याच्या मज्जातंतूंना इजा होऊन मागचा भाग डुलायला लागतो, पळवलं की तो मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारतो आणि लघवी थेंबथेंब गळते. वर सांगितलेलं 'सशासारखं' चित्र दिसत असेल तर आधी घोडा काय खातो ते विचारा. घोड्याला छोट्या वर्तुळात चालवा, चार पावलं मागं सारा. वळताना मागचा पाय बाहेर फेकला जात असेल किंवा एका पायावर दुसरा पडत असेल, तर स्वारी बंद करून डॉक्टरांना बोलवा. यावर व्यायाम हा उपाय नाही.

तिसरी, नाल. गावातला नालबंद बहुतेक बैलांचं काम करतो. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला दोन वेगळ्या पत्र्या लागतात. घोड्याचं खूर घासण्याची पद्धत त्याहून निराळी आहे. मागच्या खुरांचा पंजा लांब आणि टाच बुटकी राहिली की पाय जमिनीवरून सुटायला उशीर लागतो. हा उशीर सेकंदाचा बारीक भाग असला तरी हवेतला क्षण किती लहान असतो ते वर आलंच आहे. दर पाच-सहा आठवड्यांनी खूर बघितलंच पाहिजे, नाल झिजलेली नसली तरी.

चौथी, खोगीर. घाम आलेल्या पाठीवरून खोगीर काढलं की घामाचे ठसे बघा. सगळीकडं ओलं आणि मधेच एक कोरडा डाग, तर तिथं दाब पडतो आहे. स्वार बसल्यावर मानेमागचा उंचवटा आणि खोगीर यांत दोन बोटं जायला हवीत. पाठ दुखणारा घोडा पाठ खाली सोडून पळतो, आणि पाठ खाली सुटली की मागचे पाय पोटाखाली येत नाहीत.

जमीन

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजचं सुवर्णपदक जिंकलं, त्या फेऱ्यांचे व्हिडिओ अनेकांनी पाहिले आहेत. त्यात घोड्यांचे पाय ज्या जमिनीवर पडतात ती एकसारखी, किंचित दबणारी आणि परत उसळी देणारी आहे. आपल्या वावरात उन्हाळ्यात काळ्या मातीला मनगटभर भेगा असतात आणि पावसाळ्यात तीच माती नालेला धरून ठेवते. ओढून धरणाऱ्या जमिनीवरून घोडा उसळी घेऊ शकत नाही, भेगाळ जमिनीवर तो घ्यायला धजत नाही. दोन्हीकडं बदल मागून उशिरा येणार, आणि त्यात घोड्याचा दोष नाही.

20 बाय 40 मीटरचं साधं रिंगण करायचं असेल तर काळी माती निदान एक फूट काढून मुरूम भरा; सुमारे 85 ब्रास लागतो. थराथरानं पाणी मारून रोलर फिरवा आणि एका बाजूला 20 मीटरमागे 20 सेंटिमीटर उतार ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात डबकं होईल. वर चाळलेल्या रेतीचा 6 सेंटिमीटर थर, साधारण 17 ब्रास. रेती जास्त टाकली म्हणजे जास्त चांगलं, असं अजिबात नाही. दहा सेंटिमीटरच्या वर गेली की पाय रुततात आणि स्नायूबंधांवर ताण येतो. काम सुरू करण्याआधी रेती ओली करा. खुराचा ठसा स्पष्ट उमटायला हवा, त्याच्या कडा ढासळता कामा नयेत.

एवढा खर्च जमत नसेल तर मोकळ्या वावरातला सपाट पट्टा वखरून, दाबून चालतो, पण तिथं तुरीची किंवा पऱ्हाटीची धसकटं राहिली नाहीत हे पायी फिरून बघा. धसकट खुराच्या मऊ भागात घुसलं तर काही महिन्यांचं काम गेलं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ धरा. मे महिन्यात बदल शिकवायला घेऊच नयेत, तेव्हा चालीवर, म्हणजे साध्या चालण्यावर, आणि टेकड्यांवर काम करावं.

बदलाआधीचा कॅंटर

इथून खरं काम सुरू होतं. घोडा बदलाला तयार आहे का, हे ठरवायला चार परीक्षा पुरतात. त्या सगळ्या पास होईपर्यंत एकही बदल मागू नका. आधीच चुकीचे बदल शिकलेला घोडा असेल तर निदान चार आठवडे बदल पूर्ण बंद ठेवा आणि फक्त याच परीक्षा करा.

चालीतून थेट कॅंटर आणि कॅंटरमधून थेट चाल. मधे दुडकीचं एकही पाऊल नको. दुडकी येते म्हणजे घोडा मागच्या पायांवर थांबत नाही, पुढच्यांवर कोसळतो.

सिंपल चेंज, म्हणजे कॅंटर, मग चालीची 3 ते 5 पावलं, मग दुसऱ्या लीडवर कॅंटर. हे दोन्ही बाजूंना सारख्याच हलक्या खुणेवर व्हायला हवं. बहुतेक घोड्यांची एक बाजू इथंच उघडी पडते.

काउंटर-कॅंटरमध्ये (वळणाच्या उलट लीडवरच्या कॅंटरमध्ये) 20 मीटरचं पूर्ण वर्तुळ, वेग न वाढवता, मान उलटी न करता.

चौथी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. सागाच्या किंवा कसल्याही गोल, भरीव लाकडाच्या दोन बल्ल्या जमिनीवर 18 मीटर अंतरावर ठेवा. बांबू नको, पायाखाली चिरफळला की पात्यासारखा कापतो. मधलं अंतर आधी सहा पावलांत पार करा, मग सातांत, मग आठांत, परत सहांत. अंगानं लहान काठियावाडी किंवा मारवाडी घोड्याला सात, आठ, नऊ असा हिशोब धरा. पावलांची संख्या वाढताना ठोक्यांची गती बदलता कामा नये; पाऊल आखूड व्हावं पण उसळी तेवढीच राहावी. जो घोडा सहावरून आठवर येताना नुसता मंदावतो, तो बदलाच्या वेळीही मंदावणार आणि त्याचे मागचे पाय जमिनीला चिकटणार. या बल्ल्यांवर आठवड्यातले तीन दिवस, दिवसाला दहा मिनिटं काम केलं तर तीन-चार आठवड्यांत कॅंटर ओळखू येणार नाही इतका बदलतो. मागून उशिरा येणाऱ्या निम्म्याहून जास्त बदलांचं औषध या दोन बल्ल्यांत आहे असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सरळपणा विसरू नका. कॅंटरमध्ये घोडा पुठ्ठा (अंगाचा मागचा भाग) आत घेऊन तिरका पळतो, ते त्याला सोपं जातं. पुठ्ठा आधीच एका बाजूला असेल तर बदलताना त्याला तो दुसऱ्या बाजूला फेकावा लागतो, आणि त्या फेकण्यात मागचा पाय उशिरा पोचतो. उपाय म्हणून पुठ्ठा ढकलू नका. खांदे एक टिचभर आत आणून पुठ्ठ्याच्या समोर ठेवा.

खूण नेमकी केव्हा द्यायची

घोडा हवेत गेल्यावर खूण दिली तर ती उशिरा पोचली. कॅंटरच्या ठोक्यांना मनात 'एक, दोन, तीन' म्हणा. 'तीन'ला लीडचा पुढचा पाय टेकलेला असतो, आयाळ खाली गेलेली असते आणि त्यानंतर लगेच हवेतला क्षण येतो. खूण 'तीन'ला पोचली पाहिजे. नवशिक्या घोड्याला समजायला थोडा वेळ लागतो, त्याला 'दोन'ला द्या.

खूण अशी (नव्या लीडची बाजू ती 'आतली', दुसरी 'बाहेरची'): आधीच्या पावलावर हाफ-हॉल्ट (क्षणभर आवरून लगेच सोडणं), नव्या बाहेरच्या लगामावर हलका धर, बाहेरची पोटरी तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) चार बोटं मागं, आतली तंगाशी. टाच नको, पोटरी. आणि त्याच वेळी नव्या आतल्या बाजूचा हात किंचित सैल.

हा शेवटचा भागच हमखास चुकतो. घोड्यानं नव्या बाजूला वळावं म्हणून स्वार नवा आतला लगाम ओढतो. त्याच बाजूच्या मागच्या पायानं सगळ्यात लांब पुढं यायचं असतं. लगाम ओढला की त्याची वाट बंद. घोडा प्रामाणिकपणे पुढून बदलतो आणि मागून बदलू शकत नाही. दुसरी चूक खाली बघण्याची. कोणता खांदा पुढं आहे ते पाहायला स्वार वाकतो, त्याचं वजन पुढं आणि आत पडतं, नेमकं तिथंच ते नको असतं. नजर घोड्याच्या कानांच्या मधून समोर ठेवा, बैठक मधोमध. पोटरी मागं घेताना कंबर वळत असेल तर रिकीब एक भोक लांब करून पाहा.

घोडा काय शिकतो

घोडा दाब सुटण्यातून शिकतो. पोटरीचा दाब आला, त्यानं काहीतरी केलं, दाब गेला. जे केलं ते बरोबर, असा त्याचा हिशोब. दाब कधी गेला त्यावर तो काय शिकला हे ठरतं, तुमच्या मनात काय होतं त्यावर नाही.

आता नेहमीची दुरुस्ती बघा. बदल मागितला, पुढचे पाय बदलले, मागचे राहिले. स्वारानं लगेच टाच मारली किंवा छडी लावली, पुढच्या पावलाला मागचे पायही बदलले. स्वाराला वाटलं, सुधारलं. घोडा मात्र दोन खुणांची पूर्ण ओळ शिकला: पहिल्या खुणेवर पुढचे पाय, दुसऱ्या खुणेवर मागचे. महिनाभरानं त्याचे मागचे पाय त्या दुसऱ्या लाथेची वाट बघत थांबतात. हा घोडा हट्टी नाही, आज्ञाधारक आहे. आणि म्हणूनच ही तक्रार जितकी जोरात दुरुस्त करावी तितकी घट्ट बसते.

तेव्हा नियम असा: बदलानंतर कोणतीही शिक्षा नाही, कोणतीही दुसरी खूण नाही. बदल उशिरा आला तर चार पावलं शांत कॅंटर, मग चाल, मग कॅंटरवरचं काम पुन्हा. लगेच दुसरा बदल मागायचा नाही. छडी वापरायचीच असेल तर बदलाच्या आधीच्या पावलाला, नव्या आतल्या मागच्या पायाच्या बाजूला, माशी बसावी इतक्या हलकेपणानं.

बरोबर आलेला बदल मात्र घोड्याला त्याच क्षणी कळला पाहिजे. पाच पावलांनंतर थोपटण्याचा त्याला अर्थ लागत नाही. यासाठी एक शब्द आधीच तयार करून ठेवा. तबेल्यात उभं असताना, एकाच सुरात 'शाब्बास' म्हणा आणि लगेच गुळाचा छोटा खडा द्या. चार-पाच दिवसांत वीस-तीस वेळा. मग तो शब्दच बक्षीस होतो आणि घोडा हवेतून उतरत असतानाही पोचवता येतो. शब्द म्हटला की लगाम सैल, चाल, त्या दिवसाचे बदल तिथंच बंद करायलाही हरकत नाही.

एका दिवसात बदल किती मागायचे? चुकीचे धरून चार ते सहा. आठवड्यातून तीन दिवस, त्याहून जास्त नाही. तीस-तीस बदल करून घेणाऱ्यांचे घोडे पळायला लागतात, कारण बदलाची जागा आली की त्यांना पुढचा गोंधळ आठवतो.

पहिला स्वच्छ बदल कुठं मागायचा

डाव्या लीडवर लांब बाजूनं या. कोपऱ्याआधी डावीकडं 10 मीटरचं अर्धं वर्तुळ करा आणि तिरक्या रेषेत कुंपणाकडं परत या. आता घोडा उजव्या हातानं फिरतो आहे पण डाव्या लीडवर, म्हणजे काउंटर-कॅंटरमध्ये. कुंपणाशी पूर्ण समांतर झाल्यावर, कोपऱ्याच्या पाच-सहा पावलं आधी बदल मागा. येणारा कोपरा घोड्याला उजवी लीड सुचवतोच, तुम्ही फक्त वेळ सांगायची. तिरक्या रेषेवर असतानाच मागितला तर पुठ्ठा बाहेर जातो आणि आपली जुनी तक्रार तिथंच जन्म घेते.

पहिले आठ दिवस हीच जागा ठेवा, घोड्याला जागेची मदत होते. नंतर जागा बदला. तीच ठेवली तर तो खुणेची वाट न बघता स्वतःच बदलेल. काउंटर-कॅंटरमध्ये न मागता बदलला तर रागावू नका, चालीवर या आणि परत सुरू करा. ज्याला न मागितलेल्या बदलाबद्दल मार पडला, तो मागितलेला बदलही अर्धवट देतो.

त्या जागी 10 ते 15 सेंटिमीटर उंच बल्ली ठेवून घोड्याला तिच्यावरून बदलायला लावणं हा प्रसिद्ध उपाय आहे. बल्लीनं हवेतला क्षण लांबतो, हे खरं. पण तीन दिवसांपेक्षा जास्त वापरली तर घोडा खांदा उचलून पुढून उडायला शिकतो. तीन दिवस वापरा, उचला आणि धुऱ्यावर ठेवून द्या.

ज्यांचा आधीचा इतिहास आडवा येतो असे घोडे

शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड बदल जाणतो. शर्यतीत वळणावरून सरळ रस्त्याला लागताना घोडे लीड बदलतात, पण भरधाव वेगात आणि पुढच्या पायांवर वजन टाकून. अशा घोड्याला बदल शिकवायचा नसतो, हळू कॅंटर शिकवायचा असतो. त्याच्याकडून सहा महिने एकही बदल मागितला नाही तरी काही बिघडत नाही.

वरातीत नाचवलेली घोडी ही आपल्याकडची खास अडचण. तिला छडीच्या किंवा ढोलाच्या खुणेवर पुढचे पाय उंच उचलायला शिकवलेलं असतं. मान वर, पाठ खोल, मागचे पाय दूर मागं. दिसायला ती पियाफच्या (जागच्या जागी केलेल्या दुडकीच्या) जवळची वाटते, आतून अगदी उलट आहे, कारण पियाफमध्ये मागचे पाय पोटाखाली वाकून ओझं घेतात. या घोडीला छडी दाखवली की पुढचे पाय उठणारच. तिच्यासाठी छडी पूर्ण बाजूला ठेवा, लगामाचं बिट साधं सांध्याचं आणि सौम्य वापरा, बोलण्यातले शब्द नवे निवडा. मान खाली करून लांब चाल आणि उतारावरची चढण याच्यावर तीन-चार महिने घालवा. पाठ वर आल्याशिवाय तिला बदल मागणं तिच्यावर अन्याय आहे.

जन्मजात रेवाल (एका बाजूचे पाय जवळजवळ एकदम टाकायची चाल) चालणाऱ्या मारवाडी घोड्यांत कॅंटरचा ठोका सहज फुटतो. त्यांना बल्ल्यांचं काम दुप्पट द्या.

एकाच बाजूला उशीर

डावीकडून उजवीकडं उशीर होतो आणि उलट होत नाही, तर उजवा मागचा पाय पुढं यायला आळस करतो आहे किंवा दुखतो आहे. आधी दुखणं बघा: त्याच पायाच्या हॉकमध्ये (घोट्यात) किंवा वरच्या स्टायफलच्या (गुडघ्याच्या) सांध्यात. डॉक्टर पाय दुमडून धरतात आणि लगेच घोडा पळवून बघतात, ती चाचणी करून घ्या. सांधे ठीक निघाले तर उजव्या बाजूचा शोल्डर-इन (खांदे आत घेऊन चालणं) आणि उजव्या लीडवर चालीतून कॅंटर रोज वाढवा. चांगल्या बाजूचा बदल करून स्वतःचं समाधान करून घेऊ नका. वाईट बाजूवर चार-पाच आठवडे सिंपल चेंजच करा आणि चालीची पावलं पाचावरून तीनावर, तीनावरून एकावर आणा. एका पावलावर तो सहज जाऊ लागला की तेवढंही पाऊल काढून टाकायचं.

एकटा बदल स्वच्छ, ओळीत मात्र उशीर

प्री सेंट जॉर्ज या ड्रेसाजच्या वरच्या पातळीच्या चाचणीत दर चौथ्या आणि दर तिसऱ्या पावलाला पाच-पाच बदल असतात. सगळ्यात वरच्या ग्रां प्री चाचणीत दर दुसऱ्या पावलाला नऊ आणि प्रत्येक पावलाला पंधरा. ओळीतला तिसरा किंवा चौथा बदल मागून उशिरा येत असेल, तर कारण बहुधा असं, की प्रत्येक बदलाला थोडी उसळी आणि थोडा सरळपणा खर्च होतो आणि मधल्या पावलांत तो परत भरला जात नाही.

मोजताना बदलालाच 'एक' म्हणा: एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार. हाफ-हॉल्ट 'तीन'ला, पायाची खूण 'चार'च्या शेवटी. लांब बाजूला आधी फक्त दोन बदल करा, लगेच 10 मीटरचं वर्तुळ घ्या आणि उसळी परत भरा. दोन बदल सलग तीन दिवस स्वच्छ आले की तिसरा जोडा. प्रत्येक बदलाला मोठी खूण देऊ नका. पोटरी मोठ्यानं हलली की घोडाही डावी-उजवीकडं झुलतो आणि झुलणाऱ्या पुठ्ठ्याचे पाय उशिराच पडतात. चौथा बदल उशिरा आला तर पाचवा मागू नका, त्या दिवशी परत दोनवर या.